बलंदची पहिली गोळी

चार दिवसांनी तांडा नालशिकनचा कडा ओलांडणार होता आणि त्याच्या आत जर्दूला तिथून हटवायचं होतं. मोहीम एवढीच! सांगायला दोन ओळी पुरतात. पण मंदनी पहाटे काळ्या तंबूतून बाहेर पडला तेव्हा त्याच्या डोक्यात त्या दोन ओळीसुद्धा धड उभ्या राहत नव्हत्या.

नालशिकन म्हणजे जर्दकूह डोंगराच्या उत्तर अंगाला कोरलेली पायवाट. दोन मेंढ्या शेजारी शेजारी चालतील. तिसरी आली तर एकीला जावं लागेल, आणि जायला जागा एकाच बाजूला. खाली नदी आहे. ती ऐकू येते, दिसत नाही. उन्हाळी कुरणांकडे जायला या अकरा तंबूंना दुसरी वाट नाही. खालच्या दरीतलं गवत संपलं होतं, कोकरं माती चाटायला लागली होती, त्यामुळे थांबायचीही सोय नव्हती.

गेल्या वसंतात याच वाटेवर, ऐन कूच चालू असताना, जर्दू आडवं आलं होतं. जर्दू म्हणजे एक थोराड अस्वल, वाळलेल्या गवताच्या रंगाचं. कळप बिथरला, उलटा फिरला, आणि चाळीसेक मेंढ्या कड्यावरून गेल्या. त्यांच्याबरोबर मंदनीचा बाप नामदारही गेला.

नामदारची पहिली गोळी कधी चुकत नसे. हे मुलाने केलेलं कौतुक नव्हे. चार दऱ्यांतली माणसं तसं म्हणायची. पण त्या दिवशी वीस पावलांवरून नामदारने अस्वलावर गोळी झाडली आणि ती डोक्यावरून गेली. दुसरी झाडायला वेळच मिळाला नाही. मेंढ्यांचा लोंढा आला, त्याला घेऊन गेला. त्याची बंदूक तेवढी पट्ट्याने एका सुळक्याला अडकून राहिली. तांड्यात परवाना असलेली ती एकच बंदूक. लांब नळीची, पाच गोळ्यांची. सगळे तिला बलंद म्हणायचे.

नामदारची गोळी चुकली कशी? वर्षभर तांडा याच प्रश्नाभोवती घिरट्या घालत होता. कोणी म्हणे म्हाताऱ्याची नजर गेली होती. कोणी म्हणे काडतुसं दमट होती. कोणी तर दबक्या आवाजात म्हणे, बंदूक घाण होती, नामदार अलीकडे आळशी झाला होता. हे शेवटचं मंदनीच्या फार जिव्हारी लागलं. त्याने मनाशी ठरवून टाकलं की काहीही होवो, बलंदच्या नळीत आता धुळीचा कण राहता कामा नये.

मोहिमेवर तिघं निघाली. मंदनी, त्याची थोरली बहीण माहजान, जिला बर्फावरचे माग वाचता यायचे आणि जिची जीभ त्याहून तिखट होती, आणि त्यांचा मामा चराग. मामाला तिकडे हालू म्हणतात. हालू चराग साठीचा, दात निम्मे, बोलणं दुप्पट. नामदारचा तो जन्मभराचा शिकारसोबती. गोळी चुकली तेव्हा तो नामदारच्या मागे चार हातांवर होता, भिंतीला चिकटला म्हणून वाचला. म्हणजे खरं काय झालं हे कोणाला ठाऊक असेल तर त्यालाच.

पण त्याला विचारावं तर दर वेळी नवीनच काहीतरी ऐकायला मिळे.

"हालू, त्या दिवशी नक्की काय झालं?" ओकच्या जंगलातून वर चढता चढता मंदनीने विचारलं.

"जिन, बाळा. जर्दू म्हणजे अस्वल नव्हेच. गोळी त्याच्याजवळ गेली की त्याच्यापुढे मान तुकवते."

"हिवाळ्यात तू म्हणाला होतास की नजर लागली होती."

"जिनाचीच नजर. तुला काय वाटलं, शेजारणीची?"

"आणि बाबाला जाऊन चाळीस दिवस झाले तेव्हा म्हणालास, काडतुसं दमट होती," माहजान खेचराला ढकलत म्हणाली. "हालू, तुझ्या कळपात एवढ्या गोष्टी आहेत, त्यांतली एखादी तरी दूध देते का?"

हालू हसला आणि पुढे चालू लागला. मंदनी मात्र आणखीच गोंधळला. ज्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं, तोच रोज वेगळं सांगतो!

संध्याकाळी एका कपारीत मुक्काम पडला. माहजानने चहाला पाणी ठेवलं, शेळीच्या वाळल्या दह्याचे गोळे आणि ओकच्या फळांची कडवट भाकरी काढली. मंदनीने मात्र आधी बलंद मांडीवर घेतली. बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, मागे ओढून काढला, फडक्यावर ठेवला. मग किटलीतलं उकळतं पाणी नळीत ओतायला सुरुवात केली.

"अरे, तो चहा होता!" माहजान म्हणाली.

"आधी बंदुकीला, मग माणसाला. बाबा असंच करायचा."

"बाबा गोळी झाडून आल्यावर करायचा. तू आज काय झाडलंस? शिंका?"

मंदनीने लक्ष दिलं नाही. बापाची संध्याकाळची सगळी पद्धत त्याने लहानपणापासून पाहिली होती. गोळी झाडली की दारूचा खार नळीत बसतो आणि रात्रीत लोखंड खातो, म्हणून त्याच दिवशी उकळतं पाणी ओतायचं. मग शिसं बांधलेली दोरी नळीतून सोडायची, तिच्या टोकाला कापडाची चिंधी, आणि ती ओढायची. चिंधी काळी निघाली की दुसरी, दुसरी काळी निघाली की तिसरी. चिंधी पांढरी निघाली की मग तेलाचं बोट. शहरातून आणलेली तेलाची बाटली कधीच संपली होती. पण चरबी होती. कडा चढायच्या आदल्या दिवशी तांड्यात चरबीचा दिवस असतो. बायका दुंबा मेंढ्यांच्या जाड शेपटीची चरबी मोठ्या कढईत वितळवतात आणि सगळा तांडा जे हाताला लागेल ते तिने माखतो. खोगिरांचे पट्टे, दोर, जोडे, कोयंडे, म्हाताऱ्यांचे गुडघेसुद्धा. या तिघांसाठी तो दिवस यंदा लवकर केला होता, आणि मंदनीने एक डबा भरून बरोबर घेतला होता.

त्याने चिंधी चरबीत बुडवली आणि नळीत ओढली. मग आणखी एकदा. नळी आतून लोण्यासारखी झाली तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं.

हालू चूल फुंकायचं सोडून हे बघत होता. "एवढी चरबी?" त्याने हळूच विचारलं.

"लोखंडाला चरबी कधी जास्त होते का? गेल्या वर्षीसुद्धा मीच माखली होती. बाबा खोगिरं बांधत होता, दमला होता. म्हटलं, तेवढाच त्याला हातभार. त्याला सांगितलंही नाही."

हालूने पुन्हा चुलीत फुंकर घातली. राख उडाली, त्याच्या डोळ्यांत गेली, आणि तो बराच वेळ डोळे चोळत बसला.

सकाळी मंदनीने बंदूक उचलली. सवयीने बोल्ट काढून नळीला डोळा लावला आणि उजेडाकडे धरली. नळी लख्ख होती. कोरडी ठणठणीत! चरबीचा मागमूस नाही.

"माहजान, तू हात लावलास?"

"मी खेचराची शेपूट काट्यांतून सोडवतेय कधीची."

"हालू?"

हालू नमाजाची चटई गुंडाळत होता. क्षणभर त्याचा हात थांबला. "बंदूक पिते चरबी," तो म्हणाला. "जुन्या बंदुका पितात. थंडीत त्यांना भूक लागते."

"मग तिला ताकही पाज," माहजान म्हणाली.

मंदनीला हसू आलं नाही. लोखंड चरबी पितं हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. पण हालू चाळीस वर्षं बंदुकीबरोबर वावरलेला माणूस. असेलही!

दुसऱ्या दिवशी झाडं संपली आणि बर्फ सुरू झालं. दुपारी ते बर्फाच्या पुलाशी आले. खालून ओढा वाहत होता, वर हिवाळ्याचं बर्फ कमानीसारखं उरलेलं होतं. माहजान काठीने ठोकत पुढे गेली. मंदनी तिच्या पावलांत पाऊल टाकत गेला. मग हालू, आणि त्याच्या हातात खेचराचा दोर.

कडकड आवाज झाला. बर्फ खचलं!

खेचराचे मागचे पाय आत गेले. हालू पालथा पडला, पण दोर सोडेना. "दोर सोड!" माहजान ओरडली. हालू घसरत कडेशी आला. मंदनी बलंद टाकून धावला, त्याने हालूचे पाय धरले. दोर तुटला. खेचर खाली गेलं, पाण्यात आपटलं, आणि वीस हात पुढे ओढ्याच्या काठावर उभं राहून अंग झाडू लागलं. पाठीवरचं सामान मात्र वाहून गेलं होतं. पीठ गेलं, पांघरुणं गेली. उरला तो चहाचा डबा, किटली, आणि मंदनीच्या झोळीतला चरबीचा डबा.

"बघा," हालू दम खात म्हणाला, "जे हवं ते गेलं, आणि तो डबा तेवढा राहिला."

एवढं कडवट तो का बोलला हे मंदनीला कळलं नाही.

बलंद बर्फात पडली होती. नळीच्या तोंडात बर्फ गेलं असेल तर ती फुटायची भीती. मंदनीने बोल्ट काढून नळी आरपार पाहिली, दोरी ओढली, आणि मग खात्री करून घ्यायला समोरच्या उतारावरच्या एका पांढऱ्या दगडावर नेम धरला. शंभर पावलं. चाप ओढला. दगडाचे दोन तुकडे झाले!

मंदनी बंदुकीकडे बघतच राहिला. दोनशे गोष्टी एकदम त्याच्या डोक्यात आल्या आणि त्यांतली एक खाली बसली. बंदुकीने काल रात्री चरबी प्यायली आणि आज तिचा नेम अचूक लागला. म्हणजे हालू म्हणतो ते खरं. बाबाच्या वेळी तिला पुरेशी मिळाली नसणार! त्याने ही गोष्ट मोठ्या आनंदाने हालूला सांगितली.

हालूचा चेहरा कोणीतरी त्याच्याच जोड्याने त्याला मारावं तसा झाला. "नाही रे, तसं काही नसतं," तो चाचरत म्हणाला.

"तूच म्हणालास ना, पिते म्हणून?"

"मी पुष्कळ काही म्हणतो. माझं कोण ऐकतं?"

"मी ऐकतोय. पहिल्यांदाच ऐकतोय."

संध्याकाळी कड्याच्या पायथ्याशी, एका खडकाच्या आडोशाला, मंदनीने बलंद पुन्हा उकळत्या पाण्याने धुतली. आज ते योग्यच होतं. गोळी झाडलेली होती. चिंध्या काळ्या निघाल्या, मग राखाडी, मग पांढऱ्या. आणि मग त्याने चरबीचा डबा उघडला आणि बंदुकीला पोटभर जेवू घातलं. नळीच्या तोंडातून चरबी बाहेर आली तेव्हा त्याने तिथे चिंधीचा बोळा बसवला, म्हणजे थंडीत ती गळायला नको. वर कोणी हात लावू नये म्हणून बंदूक पट्ट्याने स्वतःच्या छातीशी बांधली आणि तिला मिठी मारून आडवा झाला. पांघरूण तर नव्हतंच. हालू त्याच्या शेजारी येऊन पडला, आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला.

उजाडलं तेव्हा धुकं होतं. हाताचं बोट पुढे केलं तर नख अंधुक दिसे.

"मंदनी," हालू म्हणाला, "नळीतून एकदा कोरडं फडकं ओढ."

"का?"

"शकुन असतो."

"कसला शकुन? काल म्हणालास पिते, आज म्हणतोस पूस. एकदा काय ते ठरव, हालू."

"बरं, मला दे. मी बघतो."

"ती माझ्या बापाची बंदूक आहे."

हालूने हात पुढे केला, मंदनीने बंदूक मागे घेतली. हालूच्या तोंडात काहीतरी आलं होतं. एवढा बडबड्या माणूस, आणि ऐन वेळी मुका झाला! शेवटी तो म्हणाला, "निदान तो बोळा तरी काढ. नाहीतर नळी फुटून तोंड जाईल तुझं." मंदनीने बोळा काढून फेकला. चरबी थंडीने मेणासारखी घट्ट झाली होती. नळीच्या तोंडाशी आलेली तेवढी त्याने बोटाने पुसली आणि बोट जोड्याला पुसलं. आतली आतच राहिली.

"इकडे या," माहजानचा आवाज आला. ती वाकून बसली होती. बर्फात पंजा उमटला होता, टाचेसकट, दोन वितींचा. ठशाच्या कडा अजून ढासळलेल्या नव्हत्या. "आत्ताच गेलंय. कड्यावरच गेलंय."

ते पायवाटेवर चढले. डावीकडे भिंत, उजवीकडे पांढरं धुकं आणि धुक्याखाली नदीचा आवाज. माहजान पुढे, मग मंदनी, मग हालू. शंभर पावलं गेली. दोनशे. त्याला सारखं वाटत होतं की याच खडकाला पट्टा अडकला होता, नाही, याच, नाही, पुढच्या. एक खडक दुसऱ्यासारखा दिसत होता, आणि बाप कुठून गेला हेसुद्धा त्याला धड ओळखता येत नव्हतं.

माहजान थांबली. तिने हात वर केला.

धुकं हललं. वीस पावलांवर जर्दू होतं! भिंतीला पाठ लावून बसलेलं, पंज्यात रानलसणीचे कंद. त्याने मान वर केली. मग ते उठलं, आणि उठतच राहिलं.

माहजान भिंतीला चिकटली. मंदनीने बंदूक खांद्याला लावली. नेम धरला, छातीच्या मध्यावर. हात थरथरत नव्हते. नजर साफ होती. आता चुकणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात काहीतरी विचित्र घडलं. हालू त्याच्या बगलेखालून पुढे घुसला आणि अस्वलाच्या दिशेने धावत सुटला! हातात काठी, तोंडाने आरोळी. बाजूला, अगदी कडेकडेने, नेमाच्या रेषेतून सुटून. मंदनीला काही कळेना. बोट आधीच चापावर होतं. त्याने ओढलं.

धाड!

खांद्याला कधी बसला नव्हता असा दणका बसला. नळीतून पांढरा, दाट धूर निघाला आणि डोळ्यांपुढे पसरला. धूर विरला तेव्हा जर्दू तसंच उभं होतं. गोळी त्याच्या डोक्यावर हातभर उंच, भिंतीवर लागली होती. तिथून दगडाची कपची खाली पडत होती.

चुकली!

अस्वल चार पायांवर आलं. मंदनीकडे निघालं. पण मध्ये हालू होता. त्याने काठी अस्वलाच्या नाकावर हाणली. काठी मोडली. जर्दूने पंजा फिरवला, हालू भिंतीवर आदळला, खाली पडला. अस्वल त्याच्यावर वाकलं. त्याचे दात हालूच्या खांद्यात घुसले.

"झाड!" माहजान किंचाळली. "झाड ना!"

मंदनीने बोल्ट ओढला, ढकलला. हात आता थरथरत होते. नजर पाण्याने भरली होती. तरी त्याने झाडली.

जर्दूची मान एका बाजूला झाली. त्याने हालूला सोडलं, दोन पावलं मागे टाकली, तिसरं टाकलं ते हवेत. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला. मग पुन्हा नदी ऐकू येऊ लागली.

माहजानने हालूला भिंतीशी बसवला, स्वतःची ओढणी फाडली. खांदा फाटला होता, पण हाड शाबूत होतं. हालू पांढरा पडला होता. तो काहीतरी बोलत होता.

"बघितलंस? जिन होता. पहिल्या गोळीला मान झुकवायला लावली—"

"गप्प बस, हालू," माहजान म्हणाली.

मंदनी दोघांपासून चार पावलांवर उभा होता. धूर केव्हाच गेला होता, पण वास गेला नव्हता. तव्यावर शेपटीची चरबी करपावी तसा वास. हा वास त्याच्या ओळखीचा होता. गेल्या वर्षी तो कळपाच्या शेपटाला, शंभर पावलं मागे होता. गोळीचा आवाज आला, आरडाओरड झाली, आणि वाऱ्याबरोबर असाच वास आला होता. तेव्हा त्याला वाटलं होतं, कोणाची तरी कढई सांडली.

शिवाय दुसरी गोष्ट. हालू धावला तो गोळी सुटायच्या आधी. गोळी चुकणार हे त्याला आधीच कसं ठाऊक होतं?

मंदनीने बोल्ट काढला आणि नळी उजेडाकडे धरली. आतल्या भिंतींवर करपलेल्या चरबीच्या तपकिरी रेघा होत्या. पहिली गोळी त्या चरबीतून वाट काढत गेली होती, म्हणून भरकटली. तिने नळी मोकळी केली, म्हणून दुसरी सरळ गेली. काल दगड फुटला तो नळी कोरडी होती म्हणून. आणि नळी कोरडी होती ती कोणी प्यायल्यामुळे नव्हे.

वर्षभराचा गुंता एकदम सुटला, आणि सुटला तो त्याच्या स्वतःच्या हातांशी येऊन. तो पायवाटेवरच बसला.

"काल पहाटे नळी तू पुसलीस," तो म्हणाला.

हालूने मान डोलावली.

"बाबापण पुसायचा का? पहाटे?"

"नमाजाआधी," हालू म्हणाला. आवाजात बडबड उरली नव्हती. "तंबूच्या मागे जाऊन. संध्याकाळी तेल, पहाटे कोरडं फडकं. तीनदा. तुम्ही पोरं झोपलेली असायचात, तुम्ही संध्याकाळचं तेवढं पाहिलंत. त्या दिवशी कूच अंधारात निघाली. त्याला वाटलं, बंदूक चार दिवस कोरडीच टांगलेली आहे. त्याने पाहिलंच नाही."

"आणि तुला कधी कळलं?"

"धूर निघाला तेव्हा. वास आला तेव्हा. मी चार हातांवर होतो, बाळा. आणि आदल्या दिवशी कढईपाशी बंदूक घेऊन बसलेलं तुला पाहिलं होतं."

"मग जिन, नजर, दमट काडतुसं..."

"लोकांना काहीतरी हवंच असतं. मी म्हटलं, तुझ्यापर्यंत पोचायच्या आत त्यांच्या तोंडात दुसरं काहीतरी कोंबावं." हालूने डोळे मिटले. "एक गोष्ट कोंबली, ती पुरेना. मग दुसरी. मग तिसरी. मलाच आठवेना कोणाला काय सांगितलं ते. आणि तुला नुसतं 'नळी पूस' म्हणालो असतो तर तू 'का' विचारलं असतंस."

मंदनी रडला. लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून रडला. माहजान ओढणीच्या गाठी मारत होती. तिने भावाकडे पाहिलं नाही, पण तिचे हात थांबले होते आणि तिला गाठ कुठे मारायची ते सुचत नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी खाली उतरले. हालू खेचरावर, खांदा बांधलेला, ताप चढलेला. तांडा वाटेतच भेटला. माणसांनी बातमी ऐकली, मंदनीला खांद्यावर घ्यायला धावली. कोणीतरी विचारलं, एका गोळीत पडलं का?

"नाही. पहिली चुकली," मंदनी म्हणाला.

"जिनच तो," हालू वरून घाईघाईने म्हणाला. "मी सांगत होतो ना! पहिली गोळी—"

"हालू, पुरे." मंदनीने खेचराच्या मानेवर हात ठेवला. मग तो माणसांकडे वळला. त्याची आई पुढेच उभी होती, कोकरू काखेत धरून. तिला सगळा तांडा दा, म्हणजे आई, म्हणायचा. "नळीत चरबी होती. मी भरली होती. गेल्या वर्षीसुद्धा मीच भरली होती, चरबीच्या दिवशी, बाबाला न सांगता. म्हणून त्याची गोळी चुकली. जिन नव्हता. नजर नव्हती. बाबा म्हातारा झाला नव्हता, आळशीही झाला नव्हता. ते माझं काम."

मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. मंदनीला वाटलं, आता आई पाठ फिरवील. वर्षभरात तिने नवऱ्यासाठी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. विधवेने रडून कूच थांबवायची नसते असं ती म्हणायची. आता ती आपल्याला तंबूत घेईल की नाही, एवढंच त्याच्या मनात होतं.

दाने कोकरू खाली ठेवलं. मुलाच्या जवळ आली. त्याचे दोन्ही हात धरले, उलटे केले, तळवे पाहिले, जणू तिथे अजून काही चिकटलेलं असावं.

"तू त्याला हातभार लावायला गेलास," ती म्हणाली.

"हो."

"आणि त्याने सकाळी बंदूक खांद्याला अडकवली, नळीत न बघता."

तिने त्याचे तळवे मिटवले.

"तीस वर्षं मला ऐकवायचा. ज्याच्या खांद्यावर बंदूक, नळी त्याने बघायची, दुसऱ्याने साफ केली असली तरी. तीस वर्षं! आणि एक दिवस स्वतः बघितलं नाही." तिचा आवाज चिरकला. ती मुलावर चिडलेली नव्हती. ती दरीकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "एवढीशी गोष्ट होती, नामदार. डोळा लावायचा आणि बघायचं. घरी आला असतास तर चांगली बोलले असते तुला."